जतन आणि जेवण : पुण्यातील काही अल्पपरिचित स्थळे

बाहेरगावचा मनुष्य पुण्यास आला म्हणजे त्यास काय दाखवावयाचे, याचा एक शिरस्ता पुणेकरांनी आपसांत ठरवून टाकलेला आहे. सकाळी शनिवारवाडा, दुपारी राजा केळकर संग्रहालय, सायंकाळी पर्वती, आणि वेळ उरल्यास आगाखान पॅलेस. खाण्याच्या बाबतीतही अमुक पेठेतील मिसळ, तमुक रस्त्यावरील डोसा आणि निघताना बाकरवडीचा पुडा, एवढ्यावर पाहुणचाराची सांगता होते. ही स्थळे प्रसिद्ध झाली ती आपल्या योग्यतेमुळेच झाली, यात संशय नाही. परंतु ज्या शहरात आपला जन्म जातो, त्या शहराचा स्वभाव केवळ त्याच्या प्रसिद्ध स्थळांवरून पुरता कळत नाही. तो जाणावयाचा असेल, तर जेथे फलक लहान आहे, जेथे प्रवाशांच्या बसगाड्या थांबत नाहीत, आणि जेथे येणारा बहुतेक मनुष्य जवळपासच्याच पेठेतला असतो, अशा ठिकाणी गेले पाहिजे. पुण्यात अशा ठिकाणांचे दोन वर्ग विशेष भरतात : एक लहान संग्रहालयांचा, आणि दुसरा जुन्या खानावळींचा व उपाहारगृहांचा. वरवर पाहता या दोहोंत काही संबंध दिसत नाही. मला मात्र ती दोन्ही एकाच इतिहासाची अपत्ये वाटतात, आणि तो संबंध वाचकांपुढे उलगडून ठेवावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पेशव्यांच्या अमदानीत दर श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दूरदूरच्या विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. ही वहिवाट मूळची सेनापती दाभाड्यांच्या तळेगावची. पुढे ती पेशव्यांनी पुण्यास आणली आणि वाढविली. १८१८ साली राज्य गेले, फौजफाटा मोडला, हुजूर दफ्तरातील कारकून आणि पागेतील स्वार निरुद्योगी झाले, आणि जे शहर काल हिंदुस्थानच्या राजकारणाचे केंद्र होते, ते एका जिल्ह्याचे ठाणे होऊन बसले. अशा वेळी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणेची रक्कम समूळ बंद न करता तिचा काही भाग विद्येकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले, आणि १८२१ साली दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात त्या पैशातून संस्कृत पाठशाळा उघडली. याच पाठशाळेची परंपरा पुढे डेक्कन कॉलेजात गेली. सत्ता गमावलेल्या या शहराने आपल्या चरितार्थासाठी आणि प्रतिष्ठेसाठी जो नवा व्यवसाय पत्करला, तो विद्येचा होता. आणि विद्येचे शहर म्हटले की त्यात दोन गरजा अपरिहार्यपणे उत्पन्न होतात. जुने ते सांभाळून ठेवणारे कोणी तरी लागते, आणि परगावाहून शिकावयास आलेल्या पोरांना दोन वेळा जेवू घालणारे कोणी तरी लागते.

या दुसऱ्या गरजेचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून आलेला गरीब विद्यार्थी एकोणिसाव्या शतकात वार लावून जेवत असे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार त्याच्या वाट्यास येत, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास घडे. कित्येक मुले झोळी घेऊन माधुकरी मागत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेचा प्रारंभ अशा माधुकरीवरच झाला. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, नोकरीनिमित्त एकट्या राहणाऱ्या कारकुनांची व शिक्षकांची भर पडली, तेव्हा वारांची ती जुनी व्यवस्था अपुरी पडू लागली आणि महिन्याचे पैसे भरून जेवण्याच्या खानावळी पेठापेठांतून उभ्या राहिल्या. त्यांपैकी कित्येक खानावळी पतीच्या निधनानंतर संसार तारून नेणाऱ्या स्त्रियांनी आपल्या ओसरीवर चालविल्या, आणि त्या मिळकतीतून स्वतःच्या मुलांबरोबर परक्यांच्या मुलांचीही शिक्षणे पार पाडली. त्या बहुतेकींची नावे कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

संग्रहाच्या कार्याचा आरंभ पाहावयाचा असेल, तर सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात गेले पाहिजे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी हे मंडळ स्थापिले. त्या काळी सरदार-इनामदारांच्या वाड्यांतून, कुलकर्ण्यांच्या घरांतून आणि देवस्थानांच्या कोनाड्यांतून मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत होते, आणि जे वाळवीने सोडले ते रद्दीत जात होते. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून ते कागद मिळविले, वाचले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड सिद्ध केले. आज मंडळाच्या संग्रहात लाखो कागद आहेत. त्यांच्या जोडीस ताम्रपट, नाणी, शिल्पे, शस्त्रे आणि चित्रे आहेत. येथे भपका नाही. एखाद्या वेळी एखादा अभ्यासक मान खाली घालून मोडी पत्रावरील मखलाशी लावीत बसलेला असतो, आणि दोनअडीचशे वर्षांपूर्वी कोणा पाटलाने दुष्काळात सारा माफ व्हावा म्हणून केलेला अर्ज त्याच्या हातात असतो. ज्या राज्याच्या लढाया आपण शाळेत पाठ केल्या, त्या राज्याची जमाबंदी, त्यातील देणीघेणी, भाऊबंदकीचे तंटे आणि लग्नमुंजींचे खर्च या कागदांत आहेत. आणि रयतेचा संसार रणांगणापेक्षा अशा किरकोळ हिशेबांतूनच अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते.

मंडळातून बाहेर पडून थोडे चालले की टिळक रस्त्यावर १९३२ पासून चालत आलेले बादशाही बोर्डिंग लागते. पेरूगेटाकडे वळल्यास पूना बोर्डिंग हाउस आहे. सदाशिव पेठेतील माणसास ही नावे नवीन नाहीत. परंतु शहराच्या नव्या भागांत वाढलेल्या तरुणांना आणि बाहेरच्या प्रवाशांना ती क्वचितच ठाऊक असतात. येथे खाद्यपदार्थांची लांबलचक यादी पुढे येत नाही. आपले नाव नोंदवावे, बाकावर बसून पाळी येण्याची वाट पाहावी, आणि जागा रिकामी होताच अनोळखी माणसांशेजारी जेवावयास बसावे, असा येथील रिवाज. ताट वाढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. वरच्या बाजूस मीठ आणि लिंबाची फोड. डाव्या हाताला चटणी, कोशिंबीर आणि लोणचे. उजव्या हाताला भाजी आणि उसळ. मध्ये पोळ्या, आणि नंतर भाताच्या मुदीवर वरण व तूप. डावी बाजू चवीसाठी आणि उजवी बाजू पोटासाठी, हा घरच्या पंगतीचा दंडक येथे वाढप्याच्या हातात इतका मुरलेला असतो की, गर्दीच्या वेळीही त्याचे पात्र चुकीच्या जागी रिकामे होत नाही. त्याची नजर ताटावर असते, जेवणाऱ्याच्या तोंडावर नसते. वाटीतील आमटी संपण्यापूर्वीच तो तुमच्यापाशी येऊन उभा राहतो. फार तिखट नाही, फार तेलकट नाही, गुळाचा किंचित स्पर्श झालेली आमटी आणि साधी बटाट्याची भाजी, असे हे जेवण रोज जेवता येते, आणि रोज जेवता यावे म्हणूनच ते तसे राहिले आहे. महिनोन्‌महिने तेथेच जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रकृतीचा विचार ज्या स्वयंपाकात आहे, त्याची तुलना एका रात्रीच्या मेजवानीशी करणे योग्य होणार नाही.

नारायण पेठेतील केसरीवाडा पुणेकरांना ठाऊक असतो तो गणेशोत्सवातील मानाच्या गणपतीमुळे. त्या वाड्यातील लोकमान्यांचे संग्रहालय मात्र उत्सवाचे दहा दिवस सोडले तर पुष्कळदा निवांतच असते. हा मूळचा गायकवाडवाडा. टिळकांनी तो १९०५ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेल्या ‘केसरी’चा संसार पुढे या वाड्यात थाटला गेला. टिळकांच्या नित्य वापरातील वस्तू, त्यांची पत्रे आणि छायाचित्रे येथे आहेत. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढून तेथे पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या पुरुषाची राहणी किती मोजक्या वस्तूंत मावत होती, हे त्यांवरून समजते. परंतु ज्या एका वस्तूसाठी हिंदुस्थानातील प्रत्येक विद्यार्थ्याने येथे यावे, ती वस्तू एक ध्वज आहे. मादाम भिकाजी कामा यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जो स्वातंत्र्याचा ध्वज फडकाविला, तो पुढे इंदुलाल याज्ञिकांनी मोठ्या जोखमीने हिंदुस्थानात आणला, आणि तो केसरीवाड्यात जतन केलेला आहे. एका पारशी स्त्रीने परदेशात उभारलेला आणि एका गुजराती देशभक्ताने मायदेशी पोचविलेला ध्वज पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या वाड्यात विसावला, या घटनेत स्वातंत्र्यलढ्याचे व्यापक स्वरूप जितके स्पष्ट दिसते, तितके ते एखाद्या मोठ्या ग्रंथातही क्वचितच दिसेल.

केसरीवाड्याच्या परिसरातच प्रभा विश्रांतिगृह आहे. बटाटावडा हा तेथील मुख्य पदार्थ, आणि तो खाण्यासाठी नारायण व शनिवार पेठांतील पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आल्या आहेत. तेथून लक्ष्मी रस्त्याकडे आले की कापडदुकानांच्या रांगेत पूना गेस्ट हाउस सापडते. मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ साली सुरू केले. चित्रपटाच्या धंद्यातील चढउतार त्यांनी स्वतः अनुभवलेले होते. पुढील पिढीतही रंगभूमीशी असलेले या कुटुंबाचे नाते तुटले नाही, आणि नट, गायक, लेखक, पडद्यामागील कामगार अशा अनेकांचा या वास्तूत राबता राहिला. थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी यांसारखे घरगुती पदार्थ आज सर्वत्र विकले जात असले, तरी ते पदार्थ बाहेर विकत मिळू शकतात ही कल्पनाच ज्या काळात नवीन होती, त्या काळात अशा उपाहारगृहांनी मराठी स्वयंपाकघर रस्त्यावर आणले. नाटकाचा प्रयोग आटोपून रात्री उशिरा थकून आलेल्या कलावंतास आपल्या घरच्या चवीचा घास मिळावा, ही सोय लहान नव्हती.

नदी ओलांडून घोले रस्त्यावर आले की महात्मा फुले वस्तुसंग्रहालय लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात जे औद्योगिक संग्रहालय निघाले, त्याचेच हे आजचे रूप. प्रथम ते मंडईच्या इमारतीत होते आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव त्यास होते. १९६८ साली त्यास महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. त्या काळी पुण्यातील विचारवंतांपुढे एकच प्रश्न वारंवार येत होता : राज्य तर गेले, पण धंदेही परदेशी मालाने बुडविले, आता या देशातील माणसाने पोट कशावर भरावे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरविली ती याच चिंतेने. देशात कोणकोणता कच्चा माल पिकतो, कोणती यंत्रे कशी चालतात, कारागिरांच्या हातून कोणते नमुने अद्यापि उतरतात, हे सामान्य लोकांस प्रत्यक्ष पाहता यावे, असे त्या संग्रहामागील धोरण होते. शेती, हस्तव्यवसाय, खनिजे, यंत्रांची प्रतिरूपे आणि पेंढा भरलेले वन्य प्राणी, अशी येथील मांडणी जुन्या वळणाची आहे, आणि आजच्या मुलांस ती कदाचित संथ वाटेल. तथापि वस्तूंच्या द्वारे लोकशिक्षण करण्याच्या एका युगाचे ते स्वतःच प्रदर्शन झालेले आहे. शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करणाऱ्या फुल्यांचे नाव या वास्तूस द्यावे, हे औचित्यास धरूनच झाले.

नदी पुन्हा ओलांडून पूर्वेकडील पेठांत गेल्यास फडके हौदाचा चौक येतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणले, आणि ते ज्या हौदांतून लोकांस मिळे, त्यांपैकी हा एक. वैद्य उपाहारगृह या चौकात आहे. लालभडक तर्रीच्या मिसळीची ज्यांस सवय झाली आहे, त्यांना हिरवी मिरची आणि आले यांवर उभी असलेली येथील मिसळ प्रथम सौम्य वाटते, आणि दोन घासांनंतर तिचा तिखटपणा निराळ्याच मार्गाने प्रत्ययास येतो. पुण्याच्या मिसळीस एकच रूप नाही, पेठ बदलली की रस्सा बदलतो, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याने एक सकाळ या चौकात घालवावी.

आतापर्यंतची स्थळे मुख्यतः पेठांतील झाली. परंतु पेठा म्हणजेच पुणे, ही समजूत अपुरी आहे. लष्कर भागाकडे गेले की क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाराष्ट्रातील वारली, कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, कोरकू, गोंड, माडिया, कातकरी अशा समाजांची भांडी, दागिने, वाद्ये, शेतीची व शिकारीची साधने एकत्र केली. येथील बोहाड्याचे मुखवटे पाहताना पाऊल हलत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात बोहाडा होतो; रात्री मशालींच्या उजेडात एकेक सोंग वाद्यांच्या ठेक्यावर गावातून नाचत येते, आणि गणपतीपासून रावणापर्यंत सारे देव-दानव माणसांच्या खांद्यांवर अवतरतात. मुखवट्यांची बैठी नाके, ताणलेले डोळे आणि ठळक रंग हे दुरून, हलत्या उजेडात दिसावे म्हणून आहेत. दिवसाच्या प्रकाशात जवळून पाहिले म्हणजे रंगाच्या थरावर चढविलेला थर आणि कपाळपट्टीच्या कडेला हाताळून गुळगुळीत झालेली जागा दिसते. शेजारी दुधीभोपळ्याचा व बांबूचा तारपा असतो. शहरातील मुलांनी वारली चित्रे पिशव्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर पाहिलेली असतात; ती काढणारी माणसे काय पिकवितात, काय वाजवितात आणि कोणत्या देवास भजतात, हे त्यांना येथे समजेल.

येथून जवळच्या कॅम्पात दस्तूर मेहेर रस्त्यावर दोराबजी अँड सन्स हे १८७८ सालापासूनचे पारशी भोजनालय आहे. पुण्यात पारशी आणि इराणी मंडळी छावणीच्या आश्रयाने स्थिरावली, आणि त्यांनी पेठांतील शाकाहारी पंगतीहून अगदी निराळी अशी एक भोजनपरंपरा या शहरास दिली. धनसाक हा तीत प्रमुख. अनेक प्रकारच्या डाळी, भोपळा, वांगे, मेथी आणि मटण एकत्र शिजवून, घोटून केलेला हा पदार्थ जाळलेल्या साखरेच्या रंगाच्या भाताबरोबर आणि कचुंबराबरोबर खातात. पारशी घरी मृत्यूनंतर तीन दिवस मांसाहार वर्ज्य असतो आणि चौथ्या दिवशी धनसाक होतो; म्हणून मंगल प्रसंगी तो करीत नाहीत, रविवारी दुपारी मात्र घरोघर करतात. एका पदार्थात एका समाजाचा शोक आणि त्याच समाजाचा सुटीचा आनंद असे दोन्ही सामावलेले असावेत, हे अन्नाच्या सामर्थ्याचे लक्षण आहे. लष्करातील इराणी उपाहारगृहांची संख्या आता बरीच रोडावली आहे. जी उरली आहेत, तेथे बनमस्का आणि चहा घेऊन शांतपणे वर्तमानपत्र वाचता येते, आणि उठावयाची घाई कोणी करीत नाही.

येरवड्याकडे डेक्कन कॉलेजचे विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवार आहे. रमण्यातील दक्षिणेपासून निघालेली परंपरा १८६८ पासून या दगडी गॉथिक इमारतीत नांदत आहे. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले, माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. टिळक विद्यार्थी असताना ज्या खोलीत राहिले, ती खोली येथे जपलेली आहे. साताऱ्याच्या रावबहादुर दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी आयुष्यभर जमविलेला मराठेशाहीचा संग्रह येथील इतिहास संग्रहालयात आहे. १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी आखलेल्या संस्कृत महाकोशासाठी दीड हजारांच्या सुमारास ग्रंथ वाचून लिहिलेल्या सुमारे एक कोटी शब्दपट्ट्या येथेच लोखंडी कपाटांत रचलेल्या आहेत.

परंतु सामान्य वाचकाने प्रथम जावे ते पुरातत्त्व संग्रहालयात. डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्याही मागे हजारो वर्षे नेला. त्यातील सर्वांत बोलका अध्याय शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचा. १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललेल्या उत्खननात तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसती उघडी झाली. घरांच्या भिंतींचे पाये, चुली, धान्याची पेवे आणि कोठार, पुराचे पाणी शेताकडे वळविणारा पाट, जव, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे, आणि बोरांच्या बियाही सापडल्या. लहान मूल दगावले, तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्यास ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसास पुरताना त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकण्याची चाल होती. या चालीस अपवाद ठरलेला एक पुरुष मात्र पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसविलेला आढळला. त्याची पावले शाबूत होती. वय चाळिशीच्या आसपास, घर कोठाराजवळ, आणि दफनाचा प्रकार सर्वांहून वेगळा. यावरून तो वसतीचा नायक असावा असे अनुमान विद्वानांनी केले. पुढे पाऊसमान कमी झाले तेव्हा याच गावातील चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि लोक जनावरांवर व शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले. शिरूर-पारनेरच्या अवर्षणाच्या बातम्या आपण आज वाचतो. त्याच भूमीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वसतीस पावसाने कसे जगविले आणि पावसाच्या अभावाने कसे खचविले, ही हकीकत येथील खापरांत आणि दाण्यांत लिहिलेली आहे.

पश्चिमेकडे सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संग्रहालय व स्मारक आहे. माईसाहेब आंबेडकरांनी जपलेल्या वस्तू येथे आल्या. बाबासाहेबांचे कपडे, लेखनसाहित्य, त्यांचे व्हायोलिन, मरणोत्तर मिळालेले भारतरत्न पदक आणि ज्या पलंगावर ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचा अंत झाला तो पलंग पाहताना, राज्यघटनेच्या शिल्पकारास उतारवयात एक वाद्य शिकावेसे वाटले, ही गोष्ट मनात घर करून राहते. कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी उघडलेल्या या संग्रहालयात वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंतच्या चालत्या प्रतिकृती, बोगदे, सिग्नल, फाटके आणि स्थानके यांचे एक सबंध नगर मांडलेले आहे. भाऊसाहेब जोशी यांनी एका छंदासाठी वेचलेल्या आयुष्यातून ते उभे राहिले. शाळेतील मुलांस घेऊन पुण्यात प्रथम कोठे जावे, असे कोणी विचारले तर मी याच संग्रहालयाचे नाव सांगेन. कारण मनुष्याच्या हातून किती सूक्ष्म काम होऊ शकते, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, ते मूल पुढे इतर संग्रहालयांतही डोळे उघडे ठेवून हिंडते.

या सर्व स्थळांचे एक समान लक्षण आहे. कोणा राजाने अथवा श्रीमंत व्यापारी घराण्याने आपल्या कीर्तीसाठी ती उभारलेली नाहीत. एखादा इतिहासकार, एखादा संपादक, एखादा छांदिष्ट, एखादी सरकारी संस्था, एखादा हात पोळलेला चित्रपट-दिग्दर्शक, एखादी आपल्या मुलांचे पोट भरू पाहणारी बाई, यांनी आपल्या हाताला लागलेले काम सोडले नाही, म्हणून ती टिकली. दोन्ही कामे रोजची आहेत आणि दोन्हींत गौरव कमी आहे. कागदांना दर पावसाळ्यात वाळवीपासून जपावे लागते, आणि आमटीला रोज पहाटे फोडणी घालावी लागते. एक वर्ष हयगय झाली तर संग्रह जातो, एक महिना हयगय झाली तर गिऱ्हाईक जाते. अशा कामांस समाजाकडून जे मोल मिळते, ते अनुदानापेक्षाही उपस्थितीच्या रूपाने मिळाले पाहिजे. ज्या संग्रहालयात दिवसाकाठी कोणी येत नाही, त्याच्या छपराची गळती कोणाच्या नजरेस पडत नाही. आणि जी खानावळ रिकामी राहते, तिच्या जागेवर लवकरच दुसरे दुकान येते. गेल्या काही दशकांत पुण्यातील किती तरी खानावळी अशाच नाहीशा झाल्या.

म्हणून माझी पुणेकरांस आणि पुण्यास येणाऱ्या प्रत्येकास एक विनंती आहे. एका दिवशी एकच संग्रहालय पाहावे, घाईने तीन पाहू नयेत; आणि त्याच भागातील खानावळीत किंवा उपाहारगृहात जेवावे. मंडळ पाहून टिळक रस्त्यावर, केसरीवाडा पाहून प्रभा विश्रांतिगृहात, आदिवासी संग्रहालय पाहून दोराबजीत, अशी जोडी आपोआप जमते. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्याव्यात, कारण या संस्था आपल्या शिरस्त्याने चालतात आणि दुपारच्या विश्रांतीस मान देतात. तिकिटाचे थोडे पैसे आनंदाने द्यावेत, अभिप्रायाच्या वहीत नुसते ‘छान’ न लिहिता काय पाहिले आणि काय समजले नाही ते लिहावे, आणि संस्थेच्या वर्गणीदारांत आपले नाव घालता आले तर घालावे. शाळांनी वार्षिक सहलीचा एक दिवस दूरच्या किल्ल्याऐवजी या वास्तूंसाठी राखावा. महानगरपालिकेने रस्त्याच्या वळणावर त्यांचे सुवाच्य मराठी फलक लावावेत. यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाही. आपल्या आधीच्या माणसांनी आपल्यासाठी जपलेले पाहणे आणि आपल्यासाठी शिजविलेले मनापासून जेवणे, हे नागरिकत्वाचे सर्वांत सुखकर कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यास पुण्यातील माणसास आपल्या पेठेबाहेर फार दूर जावे लागत नाही.